गावात सिग्नल नाही, मुलं मात्र नागपूरला जाणार : अंध विद्यार्थ्यांना सिग्नलचा चौक कसा शिकवावा?

काळीमाती

नमस्कार मंडळी. हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात फिरती विशेष शिक्षिका आहे. बारावी झालेले दोन पूर्ण अंध विद्यार्थी जूनमध्ये नागपूरला शिकायला जाणार आहेत. दोघांचं काठीचं तंत्र पक्कं आहे. एसटी स्टँड, आठवडी बाजार, पंचायत समिती इथे सोबतीशिवाय जातात. अडचण सिग्नलची आहे. आमच्याकडे महामार्गाच्या फाट्यावर दिवे आहेत, पण ते दिवसरात्र पिवळे लुकलुकतात.

ओ अँड एमच्या (ओरिएंटेशन अँड मोबिलिटी, म्हणजे अंधांना दिशा ओळखून एकट्याने फिरायला शिकवण्याच्या) पुस्तकात सोपं दिलंय : आपल्याला समांतर वाहतूक सुरू झाली की निघायचं. पण नागपुरात बहुतेक चौकांत एका वेळी एकाच बाजूचा सिग्नल सुटतो. मग समांतर म्हणजे नेमकी कोणती बाजू धरायची? आणि इथे, सिग्नल नसलेल्या गावात, यातलं काय काय आधी शिकवून ठेवता येईल? कृपया तपशिलात लिहा.

काठी_आणि_कान

ताई, तो पुस्तकातला नियम दोन्ही समोरासमोरच्या बाजू एकदम सुटतात अशा चौकांसाठी आहे. एकेक बाजू पाळीने सुटणाऱ्या चौकात तो तसाच वापरला तर चारपैकी एका पाळीत विद्यार्थी थेट उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांसमोर जातो. म्हणून आधी चौकाची रचना नीट समजावून द्यायची.

विद्यार्थी जो रस्ता ओलांडणार तो 'आडवा रस्ता' म्हणू. त्याच्या बाजूने, त्याच्या चालण्याच्या रेषेत जातो तो 'सोबतचा रस्ता'. सोबतच्या रस्त्यावर दोन प्रवाह असतात, एक त्याच्या जवळचा आणि एक पलीकडचा. आपण डावीकडून गाड्या चालवतो, त्यामुळे चौक विद्यार्थ्याच्या उजव्या हाताला असेल तर जवळचा प्रवाह पाठीमागून येऊन पुढे जातो. चौक डाव्या हाताला असेल तर जवळचा प्रवाह समोरून येऊन पाठीमागे जातो. हे मुलांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता चार पाळ्या बघा. आडव्या रस्त्यावर थांबलेल्या गाड्या सुटल्या, तर त्या थेट विद्यार्थ्याच्या पुढ्यातून जाणार. चौकापलीकडून, म्हणजे आडव्या रस्त्याच्या समोरच्या टोकाकडून गाड्या सुटल्या, तर त्या सरळ येऊन त्याच आडव्या रस्त्यावर शिरणार. या दोन पाळ्या ओळखायला सोप्या आहेत, आवाज डावी-उजवीकडे आडवा फिरतो.

तिसरी पाळी पलीकडच्या प्रवाहाची. खरी फसगत इथे होते. आवाज समांतर जातोय असंच वाटतं, पण त्याच पाळीत उजवीकडे वळणाऱ्या गाड्या चौक कापून विद्यार्थी ज्या रस्त्यावर उतरलाय तिथेच येतात, आणि त्यांना हिरवा असल्यामुळे वेगात येतात.

चौथी पाळी जवळच्या प्रवाहाची. यात आडव्या रस्त्यावर फक्त डावीकडे वळणाऱ्या गाड्या येतात. निघायचं ते याच पाळीत.

डावीकडे वळणाऱ्या गाड्या कुठे भेटतील तेही आधीच सांगता येतं. चौक उजवीकडे असेल तर त्या पाठीमागून उजव्या अंगाने वळून पहिल्याच पावलांत आडव्या येतात. चौक डावीकडे असेल तर पहिला अर्धा रस्ता निवांत मिळतो, त्या पुढच्या अर्ध्यात डाव्या बाजूने येतात. म्हणून शक्य तिथे पहिले पहिले सराव चौक डाव्या हाताला ठेवून घ्यावेत. त्यात विद्यार्थ्याला चाल धरायला आणि आवाजावर रेघ पकडायला वेळ मिळतो.

चौकातला_वायरमन

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. सिग्नलच्या बाजूने काही भर घालतो.

सेकंद मोजायला शिकवू नका. जुन्या ठरावीक वेळेच्या सिग्नलवर मोजणी चालायची. आता कॅमेरा किंवा रस्त्यातल्या सेन्सरवर चालणारे सिग्नल येत आहेत. त्यात गाड्यांच्या गर्दीप्रमाणे हिरव्याची वेळ कमीजास्त होते, आणि एखाद्या बाजूला गाडीच नसेल तर काही ठिकाणी ती पाळी गाळलीही जाते. सकाळी नऊला मोजलेलं दुपारी तीनला चुकतं. दिवसाच्या वेळेप्रमाणे कार्यक्रम बदलणारे सिग्नलही असतात. भरवसा फक्त एका गोष्टीवर ठेवायचा : 'जवळचा प्रवाह थांबलेला होता आणि आत्ता, या क्षणी नव्याने सुटला.' आधीपासून वाहत असलेल्या प्रवाहावर कधीच निघायचं नाही, कारण तो किती शिल्लक आहे हे आवाजावरून कळत नाही.

उलटी गिनती दाखवणारे टायमर अंध माणसाच्या उपयोगाचे नाहीत, पण त्यांचा परिणाम त्याला भोगावा लागतो. आकडा दोन-तीनवर आला की दुचाकीवाले गिअर टाकून पुढे सरकतात. हा 'सुटला'चा आवाज धरायचा नाही. दोन-तीन गाड्या चौकाच्या मध्यापर्यंत सरळ गेल्याचं ऐकू आलं, तरच सिग्नल सुटला समजायचं. यात दोन-तीन सेकंद जातात, तेवढे जाऊ द्यावेत.

वेळेचं गणित असं : दोन्हीकडे ७ मीटर आणि मधे १ मीटरचा दुभाजक असा १५ मीटरचा रस्ता धरा. सिग्नल बसवताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात, म्हणजे साडेबारा सेकंद. नवशिक्या काठीधारकाचा वेग ०.८ ते ०.९ पडतो, त्याला १७ ते १९ सेकंद लागतात. निघायला लागलेले तीन सेकंद वेगळे. म्हणजे त्या पाळीचा हिरवा किमान २२ सेकंदांचा हवा. त्याहून कमी असेल तर एका दमात तो रस्ता पार होत नाही, हे तिथे जाण्याआधी शिक्षकाने घड्याळ लावून तपासायचं. वेगवेगळ्या वेळी तपासायचं आणि सगळ्यात लहान हिरवा धरायचा.

काळीमाती

खूप स्पष्ट झालं. पण १५ मीटर सरळ चालणं हाच मोठा प्रश्न आहे. दोघंही मोकळ्या मैदानात उजवीकडे सरकतात.

काठी_आणि_कान

सगळेच सरकतात, कोणी डावीकडे कोणी उजवीकडे. आकडा पाहा : ५ अंश वाकडं निघालं तर १५ मीटरवर माणूस १.३ मीटर बाजूला जातो. १० अंश वाकडं निघालं तर २.६ मीटर. झेब्रा ३ मीटर रुंद असेल आणि मधून सुरुवात केली तर दीड मीटरची सवलत आहे. म्हणजे ५ अंश खपतील, १० खपणार नाहीत. पाय उचलण्याआधीची उभं राहण्याची दिशा म्हणूनच इतकी महत्त्वाची.

दिशा लावायची ती सोबतच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजावर. गाडी पाठीमागून येऊन दूर जाईपर्यंत आवाजाची रेघ कानाने ओढायची आणि खांदे त्या रेघेला काटकोनात करायचे, म्हणजे चाल रेघेला समांतर होते. किमान पाच-सहा गाड्यांवर हे करून बघायचं, एकीवर नाही. डावीकडे वळलेली गाडी यात धरली तर रेघ वाकडी लागते.

दिशा कशावर लावायची नाही, तेही सांगा. फूटपाथवरून उतरणाऱ्या उताराच्या रोखावर लावायची नाही, कारण कोपऱ्यावरचा उतार बऱ्याचदा चौकाच्या मध्याकडे तोंड करून असतो. पिवळ्या ठिपक्यांच्या फरशीवरही लावायची नाही. ती फरशी 'इथे थांब' एवढंच सांगते. पट्ट्यांची फरशी मार्ग दाखवते, पण ती खांबापर्यंत किंवा विजेच्या डीपीपर्यंत नेऊन सोडणारी निघू शकते. म्हणून शिक्षकाने प्रत्येक ठिकाणी ती आधी स्वतः डोळे बांधून चालून पाहावी. या फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी शोधल्या. १९६७ साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. ठिपका म्हणजे थांब, पट्टी म्हणजे चाल, हा फरक आपल्याकडे बसवणाऱ्या गवंड्यालाही सांगितलेला नसतो.

चालताना जवळच्या प्रवाहाचा आवाज कानाच्या एकाच बाजूला, सारख्या अंतरावर राहिला पाहिजे. आवाज अंगावर येऊ लागला तर चौकात शिरतोय, फार दूर गेला तर थांबलेल्या गाड्यांत शिरतोय. चौकात शिरणं जास्त धोक्याचं, म्हणून शंका आली तर चौकाच्या विरुद्ध बाजूला अर्धं पाऊल.

चौकातला_वायरमन

रुंद दुभाजक असलेल्या चौकात दोन टप्प्यांत ओलांडण्याचा एक चांगला मार्ग आहे. आडव्या रस्त्याचे दोन भाग करा. चौकाकडे जाणाऱ्या गाड्यांचा भाग त्यांचा सिग्नल लाल असताना, म्हणजे बाकीच्या तिन्ही पाळ्यांत मोकळा असतो. चौकातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा भाग मात्र शेजारच्याच थांबलेल्या गाड्या सुटल्या की मोकळा होतो, कारण त्या वेळी दुसरं कोणी तिकडे येत नाही. यू-टर्न घेणारे सोडून. पण दुभाजक किमान १.२ मीटर रुंद, झाडाझुडपांविना, आणि झेब्राच्या रेषेत कापलेला असेल तरच. रंगीत कठड्याच्या एक वीतभर दुभाजकावर उभं करू नका. आणि दुभाजकावर दोन्ही बाजूंना कान ठेवायचा, राँग साईडने दुचाकी येते.

बंडीवाला

माहा पोरगा यंदा नागपूरले शिकाले चालला. थे सेन्सरवाली काठी म्हणतेत, थे घेतली तं सिग्नलवर काम भागन का? आन् मोबाईलच सांगते म्हणे रस्ता मोकळा हाये का नाही थे. सोपं करून सांगा जी.

आवाजावर_चालणारा

भाऊ, नाही भागत. मी स्वतः पूर्ण अंध आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन साधारण ३ मीटरपर्यंतचा अडथळा कंप देऊन सांगते. गुडघ्याच्या वरचे अडथळे, लटकलेली फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग यासाठी ती फार कामाची आहे. पण ताशी ४० किमीने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. ३ मीटर म्हणजे पाव सेकंद. तेवढ्यात काठीने सांगून तुम्ही काही करूच शकत नाही. मोबाईल कुठे आलो ते सांगायला चांगला. चौकात उभं राहिल्यावर तो खिशात आणि इअरफोन कानाबाहेर. काठी साधी घ्या, पण मापाची घ्या : टोक जमिनीवर ठेवलं की मूठ छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वर यावी, भरभर चालणाऱ्याला आणखी चार बोटं लांब.

आपल्याकडच्या काही गोष्टी पुस्तकात सापडणार नाहीत, त्या सांगून ठेवतो. एप्रिल-मेच्या उन्हात सगळे डोक्याला दुपट्टा गुंडाळतात. अंध मुलाने दुपट्टा बांधावा, पण कान उघडे ठेवून. कानावर एक पदर आला तरी आवाज पुढून की मागून हे कळेनासं होतं. डोक्यासाठी टोपी बरी. उन्हाळ्यातच दुकानांबाहेर मोठे कूलर चालू असतात, त्यांच्या घरघरीत दुचाकी बुडून जाते. अशा कोपऱ्यावरून दहा-पंधरा पावलं पुढे मागे होऊन कान मोकळा मिळतो का पाहायचं, मग झेब्र्यावर यायचं. पावसात छत्री आणि रेनकोटची टोपी दोन्ही वाईट, थेंबांचा आवाज कानाशीच होतो. काळ्या मातीच्या गावातून निघालात तर एसटीतून उतरल्यावर काठीचं टोक पुसा. चिखलाचा गोळा बसलेलं टोक ठिपक्यांची फरशी आणि साधी फरशी यातला फरक सांगत नाही.

कापसाच्या दिवसांत ट्रॉलीच्या बाहेर फुगलेला कापूस किंवा सळया, बल्ल्या बाहेर आलेल्या गाड्या सिग्नलला उभ्या असतात. काठी खालून निघून जाते आणि छातीला लागतं. थांबलेल्या गाड्यांच्या पुढून जाताना मोकळा हात कोपरात वाकवून छातीसमोर धरायचा.

आवाजावर_चालणारा

एक राहिलं. ई-रिक्षा आणि बॅटरीच्या स्कूटर. हळू चालताना त्यांचा आवाज जवळजवळ नसतो. 'शांत आहे म्हणजे मोकळं आहे' हे गावच्या रस्त्यावर चालून जातं, शहरात चालत नाही. म्हणूनच शांततेवर न निघता सुटलेल्या प्रवाहाच्या आवाजाआड निघायचं. तो प्रवाह निघाला म्हणजे आडवे येणारे थांबलेले असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

काळीमाती

कान तपासून घ्यायला हवेत, हे आत्ता लक्षात आलं. आता माझा दुसरा प्रश्न : गावात हे उभं कसं करायचं?

काठी_आणि_कान

कान आधी, बरोबर. दोन्ही कानांची ऑडिओमेट्री करून घ्या. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर आवाजाची दिशा पकडणं मोडतं, आणि वरचं बहुतेक तंत्र त्या मुलाला लागू होत नाही. त्याला सोबतीने ओलांडण्याचंच पक्कं शिक्षण द्यायचं.

मग चौकाची प्रतिकृती. २ फूट बाय २ फूट प्लायवूड घ्या. रस्त्यांच्या जागी पॉलिश पेपर चिकटवा, फूटपाथ गुळगुळीत सोडा. दुभाजकाला जाड सुतळी, झेब्र्याला आइस्क्रीमच्या काड्या, थांबण्याच्या रेषेला एक आगपेटीची काडी. गाड्यांना वेगवेगळ्या आकाराची बटणं. मुलाचं बोट एका कोपऱ्यावर ठेवून बटण सरकवायचं आणि विचारायचं : ही कोणती पाळी? तू निघशील का? आठही जागांवरून, म्हणजे चार रस्त्यांच्या दोन्ही कडांवरून, न अडखळता उत्तर आलं पाहिजे. या टप्प्यात घाई करू नका. डोक्यातला चौक पक्का नसेल तर खऱ्या चौकातला आवाज नुसता गोंगाट होतो.

पुढे शाळेचं मैदान. फक्कीने दोन रस्ते आखा, आडवा रस्ता १५ मीटरचा, सोबतचा जमेल तेवढा लांब. कोपऱ्यावर दोन विटा एकावर एक आडव्या लावा, उंची साधारण १५ सेंटिमीटर होते, फूटपाथची कड तेवढीच असते. पेव्हर ब्लॉक बनवणाऱ्याकडून ठिपक्यांच्या चार फरशा मिळाल्या तर कडेपासून एक फूट मागे मांडा. चार दुचाकी आणि एक ट्रॅक्टर पुरे. एक जण पाळ्या ठरवतो आणि हाताने खुणा करतो. शिटी वाजवू नका, मुलं शिटीवर निघायला शिकतात. गाड्या पहिल्या गिअरमध्येच. सुरुवातीला विद्यार्थी विटांच्या मागेच उभा राहतो, पाऊल टाकत नाही, फक्त 'आता' म्हणतो. ट्रॅक्टर मुद्दाम आडव्या रस्त्यावर चालू ठेवायचा, म्हणजे त्याच्या धडधडीतून दुचाकी सुटल्याची ओळख पटवावी लागते. मधेच पलीकडच्या प्रवाहातली दुचाकी उजवीकडे वळवा. त्या वेळी 'आता' म्हटलं तर पुन्हा प्लायवूडकडे.

सलग दहा वेळा बरोबर 'आता' आल्याशिवाय पाऊल नाही. आठ-नऊ चालत नाहीत इथे.

मग चालणं. निघण्याआधी काठी पुढे उभी-तिरपी धरून एक-दोन सेकंद दाखवायची, चालकांना दिसली पाहिजे. मग टोक जमिनीवर ठेवून, खांद्यांपेक्षा थोडी रुंद फेरी, चाल नेहमीपेक्षा जराशी जलद आणि एकसारखी. मधे हॉर्न वाजला म्हणून मागे वळायचं नाही. मागे वळलेल्या माणसाची दिशा जाते आणि चालकाचा अंदाजही चुकतो. काठी पलीकडच्या कडेला लागली की आधी वर चढायचं, नंतर कुठे आलो ते शोधायचं. कड अपेक्षेपेक्षा लांब गेली असं वाटलं तर चौकाचा आवाज कोणत्या बाजूला आहे ते ऐकून त्याच्या विरुद्ध अंगाला तिरपं चालत कड गाठायची.

शेवटी खरा चौक. पहिल्या फेरीत पाळ्या ऐकायच्या, एकदाही ओलांडायचं नाही. किमान तीन पूर्ण चक्रं. वर्धा रोडवर अजनी ते विमानतळ पट्ट्यात डोक्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो आहे, तिथे आवाज घुमतो. तो भाग अगदी शेवटी घ्या.

वऱ्हाडनगरी

फ्री लेफ्टचं, म्हणजे डावीकडे वळायला कायम मोकळं असतं त्याचं काय? तिथे तर सिग्नल काही असो, गाड्या चालूच.

चौकातला_वायरमन

त्रिकोणी बेट असेल तर तो वेगळा, सिग्नल नसलेला रस्ता समजायचा. आधी तो ओलांडून बेटावर, मग मुख्य सिग्नल. सिग्नल नसलेल्या रस्त्याची तपासणी अशी : विद्यार्थ्याने गाडी पहिल्यांदा ऐकू आली की हात वर करायचा, शिक्षकाने ती समोरून जाईपर्यंत घड्याळ लावायचं. पंधरा-वीस गाड्या मोजा. सगळ्यात कमी आलेला वेळ ओलांडायच्या वेळेपेक्षा जास्त असेल, तरच त्या जागी, त्या वेळी, शांतता झाल्यावर निघता येईल. एक जरी गाडी कमी भरली तर ती जागा एकट्याने ओलांडायची नाही. ताईंच्या फाट्यावरच्या लुकलुकत्या पिवळ्यालाही हीच तपासणी. वीज गेलेल्या सिग्नललाही हीच. बॅटरीच्या गाड्या जास्त असतील तिथे या मोजणीचा उपयोग कमी, कारण त्यांना हात वर होतच नाही.

आवाजावर_चालणारा

आणि मदत मागणं हे कौशल्य म्हणूनच शिकवा. 'सिग्नल सुटला का?' असं विचारू नये. लोक कोणता सिग्नल बघून 'हो' म्हणतील सांगता येत नाही, आणि 'चला, चला' म्हणून स्वतः निघून जातात. विचारायचं असं : 'दादा, तुम्ही पलीकडे चाललात का? मला तुमचं कोपर धरू द्या.' आपण त्यांचं कोपर धरायचं, त्यांनी आपला दंड नाही. कोणी काठी धरून ओढू लागलं तर काठी उभी करून थांबायचं, 'काठी सोडा, कोपर द्या' एवढंच मोठ्याने म्हणायचं. गाडीवाल्याने थांबून 'या, या' म्हटलं तरी निघायचं नाही, त्याच्या शेजारचा थांबलेला नसतो.

काळीमाती

बोलके सिग्नल कुठे भेटले तर त्यांचं काय शिकवू?

चौकातला_वायरमन

मुलं पुढे मोठ्या शहरात किंवा परदेशी जातील, म्हणून थोडक्यात. अमेरिकेच्या पद्धतीत खांबावरच्या बटणातून दर सेकंदाला एक बारीक टिक येत राहते, ती बटण शोधण्यासाठी. बटणावर उठावदार बाण असतो, तो ओलांडायच्या दिशेकडे दाखवतो आणि चालण्याची वेळ झाली की थरथरतो. त्याच वेळी टिकटिक जलद होते, सेकंदाला आठ ते दहा. हात बाणावर ठेवून थांबायचं म्हणजे गोंगाटातही कळतं. पण आवाज 'निघण्याची पाळी आली' एवढंच सांगतो, गाड्या थांबल्यात असं सांगत नाही. काही चौकांत पादचाऱ्याला गाड्यांच्या काही सेकंद आधी सोडतात, तिथे प्रवाहाची वाट पाहत बसलं तर ते सेकंद वाया जातात. तेवढ्या ठिकाणी बाणावर विसंबायचं, कान मात्र वळणाऱ्या गाड्यांवर.

तुमच्या तालुक्यात सिग्नल सुरू व्हायचा असेल तर नगर परिषद आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना, म्हणजे सार्वजनिक बांधकाम किंवा महामार्ग प्राधिकरण, आत्ताच अर्ज द्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ प्रवास आणि रस्ते सुगम करण्याबद्दल आहे, त्याचा उल्लेख करा. 'अंधांसाठी सोय करा' असं मोघम लिहू नका. लिहा : चारही बाजू लाल असलेली पादचाऱ्यांची स्वतंत्र पाळी, तिचा वेळ सेकंदाला ०.८ मीटर वेगाने काढलेला. आवाज आणि थरथरणाऱ्या बाणाचं बटण. उताराच्या माथ्यावर ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या ठिपक्यांच्या फरशा. झेब्र्यावर पानठेला आणि ऑटो नाही. स्वतंत्र पाळी मिळाली तर वरचं जवळचा-पलीकडचा प्रवाह हे निम्मं काम हलकं होतं.

काळीमाती

अर्जाचा मसुदा इथेच टाकते, दुरुस्त्या सुचवा. प्लायवूड सुतार देणार आहे, मैदान रविवारी मोकळं असतं, ट्रॅक्टरसाठी बंडीवाले काकांना विचारायचं होतं.

बंडीवाला

ट्रॅक्टर माहा घेऊन येतो ताई. फक्की बी आणतो. पोरालेबी संगं घेऊन येतो, त्यालेबी शिकवा.